हळव्या-गरव्याच्या मधले दिवस आणि आमचा पेटारा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पेटारा मिटला. दिवेआगरला, आप्पांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत, सकाळचं दव अजून कापडावर होतं तेव्हा. पेटारा म्हणजे आमची जीपमागं ओढायची तंबूची गाडी. दोन चाकांवरची बसकी पेटी. हँडल फिरवलं की छप्पर वर उठतं, दोन्ही अंगांनी झोपायच्या फळ्या बाहेर सरकतात आणि भोवती कापडाचं घर उभं राहतं. मिटताना सगळं उलटं. छप्पर खाली येईल तसं कापड आत खोचत जावं लागतं, नाहीतर ते कडेत सापडून फाटतं. म्हणून मी मागं उकिडवा बसून हँडल फिरवायचो आणि सुगंधा, माझी बायको, भोवतीनं फिरत कापड खोचायची. "थांबा." मी थांबायचो. "फिरवा." मी फिरवायचो.

त्या सकाळी एकदाच ती वेगळं बोलली. "अवो, ऊन येऊ द्या. वलं हाय."

ओलं कापड मिटायचं नाही हा आमचा नियम होता, आणि तो मीच केलेला. पण मला त्या वाडीत घटकाभर थांबायचं नव्हतं. आदल्या दिवशी मी आप्पांना तोंडावर चोर म्हटलं होतं. मी हँडल फिरवत राहिलो, तिनं ओलं कापड आत खोचलं, आणि आम्ही निघालो. त्याच दिवशी दिवेलागणीला घरच्या ओटीवर बसल्या-बसल्या ती गेली.

आणि आप्पा चोर नव्हते. हेही आत्ताच सांगून टाकतो. पुढं काहीतरी निघेल म्हणून वाचणाऱ्यानं वाट बघत बसू नये. मला आप्पांकडं जायचं आहे. वर्ष झालं, जाता येत नाही.

आता परत तेच दिवस आलेत. आमच्याकडं रोह्याच्या बाजूला हळवं भात आधी कापतात, गरवं मागनं. मधे दहा-पंधरा दिवस असे सुटतात की हातांना कळत नाही काय करावं. हळव्याच्या जागी नुसती रोपं कापल्याची टोकं उभी, पायाला बोचणारी, आणि बांधापलीकडं गरवं अजून हिरवट, मान नुकती खाली घातलेलं. ऊन असं की पाठीवर इस्त्री ठेवल्यासारखं. कापलेल्या भाताचा वास, शेणानं सारवलेल्या खळ्याचा वास. लोक म्हणतात काय सोन्यासारखे दिवस. मला हे दिवस कधी खरे वाटले नाहीत. वर निळं आभाळ आणि बांधावर पाय ठेवला की खाली अजून चिखल. पश्चिमेला कापसाएवढा ढग दिसला तरी माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. भात आडवं पडलेलं असताना शेतकरी देवाकडंसुद्धा तिरक्या नजरेनं बघतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

त्या मधल्या दिवसांत आम्ही पेटारा घेऊन निघायचो. इतर वेळी नाही. पावसात तो निघत नाही, उन्हाळ्यात आत भट्टी होते, आणि गरवं घरात आलं की झोडणी, पेंढा, पुढची कामं. वर्षातले हेच दिवस आमचे होते.

मी सातवी शिकलेला माणूस. न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनरच्या एका यार्डात वेल्डर होतो. फुटलेल्या कंटेनरला पत्रा लावायचा, बिजागऱ्या बसवायच्या. कुठल्यातरी परदेशी माणसाचं सामान आलं, तो माणूस काही आला नाही, आणि त्यातली ही गाडी फिरत फिरत एका भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडली. तेव्हाच जुनी होती. मी त्याच्याकडं दोन महिने सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग केलं आणि बदल्यात ती मागितली. त्यानं लगेच दिली. लगेच दिली म्हणूनच मला संशय आला. एवढी चांगली वस्तू कोण टाकून देतं? मी खाली झोपून तळ ठोकून बघितला, फळ्या काढल्या, गाद्यांची शिवण उसवली.

"काय घावलं?" सुगंधानं विचारलं.

"काय न्हाय."

"मंग आता शिवून कोन देनार?"

तिनंच शिवल्या. आणि नावही तिनंच ठेवलं. म्हणाली, गारुड्याच्या पेटाऱ्यासारखं हाय, झाकण उघडलं की आतनं काय निघंल सांगता येत न्हाय. गावातले लोक बघायला आले तेव्हा मी हँडल फिरवून दाखवलं. छप्पर वर उठलं तसे दोघं-तिघं मागं सरकले. एका म्हातारीनं नमस्कार केला.

पुढं जे कागद करायचे ते केले, ब्रेकचे दिवे बसवले, चाकांची बेअरिंगं बदलली. छप्पर उचलणाऱ्या तारा गंजल्या होत्या, त्या मी यार्डातल्या कामाच्या पद्धतीनं नव्या ओढल्या. कापडाला दोन ठिकाणी ठिगळ. हातपंपानं पाणी येणारं, भांडी धुवायचं एवढंसं मोरीचं भांडं होतं त्यात, ते मात्र कधी नीट चाललं नाही. सुगंधा त्यात कांदे ठेवायची.

आमच्या किनाऱ्यावर बंद पेटी ओढत नेणारा माणूस म्हणजे संशयाचाच माणूस. नाक्यावर पोलीस थांबवायचे. आत काय? घर हाय. कसलं घर? मग मी उतरून हँडल फिरवायचो, रस्त्याच्या कडेला घर उभं राहायचं, आणि सुगंधा आतनं विचारायची, "चहा टाकू का सायबांना?" एकदा एका हवालदारानं चहा पिता पिता गाद्या दाबून बघितल्या. मला तो माणूस आवडला. माझ्यासारखाच होता.

फेरीबोटीचं मात्र मी कधी विसरणार नाही. आगरदांड्याहून दिघीला जाताना गाडी बोटीत उलटी घालावी लागते, आणि मागं पेटारा जोडलेला असला की उलटं जाणं म्हणजे शिक्षा. जीप डावीकडं वळवली की पेटारा उजवीकडं पळतो. मागं मोटारसायकलवाले हॉर्न वाजवतायत, बोटीवरचा माणूस ओरडतोय, आणि सुगंधा उतारावर उभी राहून पदर खोचून हात करतेय.

"डावीकडं! अवो तुमच्या डावीकडं, माझ्या न्हाय!"

"तू माझ्याकडं तोंड करून हायस, मला काय कळनार?"

"मंग पाठ करून उभी ऱ्हाऊ?"

बोटीवरचे सगळे हसायचे. मी खाली मान घालून स्टिअरिंग धरून बसायचो. मनात यायचं, ही मुद्दाम करते. चार लोकांत मला खाली बघायला लावायला मुद्दाम करते. आता वाटतं, करत असेलही. केलं तर बरं केलं.

बोट सुटली की ती कठड्याला जायची. राजपुरीची खाडी त्या दिवसांत तुपासारखी असते, ऊन पाण्यावरनं उलटं डोळ्यात येतं. मी मात्र पेटाऱ्याशेजारी उभा राहायचो. कोणी चाकाची हवा काढेल, कोणी कडी सैल करेल. दहा-बारा वर्षं त्या खाडीतनं गेलो, पण ती खाडी मी नीट बघितली नाही. ती सांगायची, आज घारी किती होत्या, जंजिऱ्याकडं शिडं किती होती. मी म्हणायचो, व्हय का.

आप्पा कसे भेटले ते सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही किनाऱ्यावर सुरूच्या बनात पेटारा लावला, तर दोन माणसं येऊन म्हणाली इथं लावायचा नाही. जीपला जोडतोय तोवर एक उंच, शिडशिडीत माणूस सायकल हातात धरून आला. शाळेत शिकवून निवृत्त झालेले. "आमच्या वाडीत लावा," म्हणाले. "विहीर आहे, सावली आहे. फक्त वर बघून लावा, नारळ पडतात." पैसे नकोत, ओळख नाही, जात-गाव विचारलं नाही. मी सुगंधाला बाजूला घेऊन म्हटलं, याचा काहीतरी बेत आहे. ती म्हणाली, "त्यांचा असंल. माझा चहाचा हाय."

त्यांच्या बायको, माई, पहिल्या दिवशीच पोफळीच्या विरीवर घालून उकडीचे मोदक घेऊन आल्या. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचं बूड, ताटासारखं रुंद. सुगंधानं एक खाल्ला, मी तिला काही होतंय का ते बघत बसलो. तिला काही झालं नाही. मग मी चार खाल्ले.

असं वर्षावर वर्ष. आप्पा संध्याकाळी येऊन पेपर वाचून दाखवायचे, मी म्हणायचो, हे खोटं छापलंय. ते म्हणायचे, "शंकरराव, तुम्हाला शाळेत घातलं असतं ना, तर परीक्षा घेणाऱ्यांचीच परीक्षा घेतली असती तुम्ही." वाडीच्या दारावरचं लोखंडी फाटक मी त्यांना नवं करून दिलं. माझे मित्र म्हणायचे तर तेवढेच. आणि दरवर्षी निघताना मी पेटाऱ्यातल्या वस्तू बघून घ्यायचो, सगळ्या आहेत ना.

गेल्या वर्षी नव्हत्या.

निघताना आणलेलं तिचं हिरवं पातळ दिघी सोडल्यानंतर दिसेना. "कुठं गेलं?" म्हटलं. "असंल," म्हणाली. मग तांब्याचा लहान गडू. मग तिच्या आईकडची फणी. बायका वस्तू हरवल्या की घर डोक्यावर घेतात, ही गप्प. आप्पांच्या घराच्या पायऱ्या चढताना थांबायची, विहिरीवरनं येताना मधे बसायची. मला वाटलं रुसली आहे. हळवं कापताना मी तिला दोन शब्द जास्त बोललो होतो, तेच धरून बसली असेल. म्हणजे दोन संशय झाले, एक वस्तूंचा आणि एक तिचा. दोन्ही मी उरापोटी बाळगून त्या वाडीत फिरत होतो. नारळ काढायला गडी झाडावर चढला तरी मी तो वरनं काय बघतो ते बघायचो. आप्पा पेपर वाचायला आले की मी त्यांच्या हाताकडं बघायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीपाशी हात धूत होतो आणि आप्पांच्या स्वयंपाकघरातनं आवाज आला. ठप, ठप, ठप. कोणीतरी खलबत्त्यात काही कुटत होतं.

मी वेल्डर. आयुष्यभर हातोडी मारून आवाज ऐकला. जोड कुठं आहे, पोकळ कुठं आहे, ते मला आवाजावरनं कळतं. आमच्या घरी सुगंधाच्या आईचा पितळी खलबत्ता होता. एकदा पायरीवरनं पडून त्याला चीर गेली होती, तो यार्डात नेऊन मी त्या चिरेला डाग दिला. त्या दिवसापासून तो ठण वाजायचा बंद झाला, ठप वाजायला लागला. तसा आवाज पृथ्वीवर दुसऱ्या खलबत्त्याचा नाही. दरवर्षी तो पेटाऱ्यात आमच्याबरोबर यायचा. लसूण-मिरची ती त्यातच कुटायची.

मी चपला घालूनच त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. ज्यांच्या देवघरासमोरनं जाताना मी दहा वर्षं चपला बाहेर काढल्या, त्यांच्या. माई पाटावर बसून जिरं कुटत होत्या. मी वाकून त्यांच्यासमोरनं खलबत्ता उचलला. उलटा करून डाग बघितला. माझाच.

"हा आमचा हाय."

 माझ्या मागं दारात सुगंधा येऊन उभी होती. माईंनी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली, अशी एवढीशी, नको म्हटल्यासारखी. ती मान मी बघितली आणि मला वाटलं, बरोबर, या दोघींचं आतनं काहीतरी शिजतंय.

"ऱ्हाऊ द्या त्यांच्याकडं," ती म्हणाली. "त्यास्नी लागतोय."

"लागतोय म्हणून चोरायचा?"

आप्पा माजघरातनं आले. मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. पातळ पण काढा म्हटलं. गडू काढा म्हटलं. माणसाला दहा वर्षं जेवू घालून त्याच्या पेटीत हात घालता, हेच का तुमचं शिक्षण, असंही म्हटलं. आप्पा एकदा सुगंधाकडं बघून म्हणाले, "शंकरराव, घेऊन जा तो." एवढंच. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. निर्दोष माणूस असा गप्प राहतो का? मला वाटलं, झालं, कबूल झाला.

जिऱ्याची पूड माझ्या शर्टावर सांडली होती. ती संध्याकाळभर मला जिऱ्याचा वास येत राहिला. सुगंधानं चहा केला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "घरी गेल्यावर तुम्हाला एक सांगायचं हाय." मी म्हटलं, आत्ता सांग. "घरी गेल्यावर." मी म्हटलं, तुझं न् माईंचं काय ते मला आत्ता कळलं पायजे. ती उठली आणि कपबशा धुवायला गेली.

वाटेत पेटाऱ्याचं चाक बसलं, घरी पोचायला दिवस कलला. जीप थांबवली, पेटारा सोडवून परसातल्या मांगराच्या छपराखाली ढकलला. ती ओटीवर बसली. मी पाणी घेऊन आलो तोवर आटपलं होतं.

बाराव्याला तिची धाकटी बहीण वच्छी आली; अंत्यविधीला तिला वेळेत पोचता आलं नव्हतं. बोर्लीला दिलेली. ती हिरवं पातळ नेसून आली होती.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठनं आनलंस?"

"ताईनं दिलं. दिघीला बोटीवर भेटायला गेले तवा, तुम्ही पेटारा उतरवत हुता." ती रडायला लागली. "भावजी, ती सगळ्यास्नी काय काय देत हुती."

मी म्हटलं, तुझी ताई भोळी होती म्हणून लोकांनी लुटलं, तो आप्पा बघ कसा निघाला. आणि खलबत्त्याची गोष्ट सांगितली. मोठ्या आवाजात सांगितली, जिंकल्यासारखी. वच्छीनं रडणं थांबवून माझ्याकडं बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"खलबत्ता तिनंच दिला माईंना. मी मागत हुते, तर म्हनली तुला पातळ घे, खलबत्ता माईंचा हाय, त्यांच्या हातचं मी लय खाल्लंय. आप्पांना समदं ठावं हुतं, भावजी. तिच्या काळजाची झडप गेली हुती. पनवेलला मीच नेलती तिला डाक्टरकडं. ते म्हनले आपरेशन करा. ती म्हनली, आधी पेटारा घेऊन जाऊन येते, गरवं निघालं की बघू."

"आन मला का न्हाय सांगितलं?"

वच्छी म्हणाली, "तुम्हीच सांगा. का न्हाय सांगितलं?"

वर्षभर मी त्यावरच बसलो आहे. तिनं दोनदा मला म्हटलं होतं, दम लागतो. मी म्हटलं वय झालं. डॉक्टरकडं जाऊ का म्हणाली, मी म्हटलं, डॉक्टर काहीतरी काढतातच, नाही काढलं तर त्यांचं चालणार कसं. हे मी बोललो, मला आठवतं, तेव्हा मी विळ्याला धार लावत होतो. तिला माहीत होतं मी काय करेन. डॉक्टरवर संशय घेईन, वच्छीवर घेईन, चार ठिकाणी भांडत फिरेन, आणि तिचे मधले दिवस त्यात जातील. तिला ते दिवस पाहिजे होते. खाडी, घारी, माईंच्या हातचं. तिनं माझ्यापासून ते वाचवले.

पण तिचंही चुकलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, मी बोलतो. एका भल्या माणसाला तिनं माझ्यापुढं चोर होऊ दिलं. एक वाक्य बोलली असती तर झालं असतं. आप्पांनी तिला मला न सांगण्याचा शब्द दिला होता आणि तो पाळला, तिनं त्यांना पाळू दिला. कधी कधी मला यातही संशय येतो. वाटतं, वच्छीच खोटं बोलत असेल. वाटतं, आप्पांना गप्प राहण्यात मोठेपणा वाटला असेल. हे विचार येतात तेव्हा मला बरं वाटतं. मग जास्त वाईट वाटतं.

आमचा मुलगा प्रकाश पनवेलला असतो. तो म्हणतो, बाबा, पेटारा विकून टाका, तुम्ही एकटे कुठं नेणार. त्यानंच एक माणूस पाठवला, किनाऱ्यावर तंबूंचा धंदा करणारा. काळा चष्मा. पेटाऱ्याभोवती फिरून म्हणाला, "काका, जुना आहे, पण अशाच जुन्याला मागणी आहे हो. फोटो छान येतात." जुन्याला मागणी? मी म्हटलं, तू आधी चष्मा काढ. त्यानं काढला. डोळे बरे होते, पण मी दिला नाही. म्हटलं, अजून ऊन द्यायचंय.

ते खरंच द्यायचं होतं. वर्षभर, अख्खा पावसाळा, ओलं मिटलेलं कापड त्यात होतं. मी तो उघडलाच नव्हता. काल उघडला. एकट्यानं करताना आधी हँडल दोन फेरे फिरवायचं, मग उठून भोवती जाऊन बघायचं कुठं अडकलंय का, परत येऊन बसायचं. "थांबा" म्हणायला कोणी नाही, तर किती फिरवायचं ते कळत नाही. एका कोपऱ्यात तार अडली आणि छप्पर तिरकं उभं राहिलं, म्हाताऱ्या बैलासारखं. आतनं जो वास आला तो सांगता येणार नाही. बुरशी होतीच, पण त्याखाली लसूण होता, रॉकेल होतं, तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. हिरवी-काळी बुरशी सगळ्या कापडावर पसरली होती. फक्त तिनं ज्या घड्या नीट घातल्या होत्या तिथं आत थोडं कापड पांढरं राहिलं होतं.

मी सगळं बाहेर काढलं. गाद्या, डबे, कांदे ठेवायचं भांडं. खरं सांगायचं तर मी चिठ्ठी शोधत होतो. तिला माझ्यापेक्षा बरं लिहिता यायचं. गाद्यांची शिवण परत उसवली. चिठ्ठी नव्हती. एका डब्यात तिखट होतं, रंग उडालेलं, आणि एका कप्प्यात माझा जुना चष्मा, जो शेजाऱ्यानं नेला म्हणून मी तीन वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो.

कापड लिंबू-मिठानं घासलं. डाग जात नाहीत. उन्हात पसरून बांधावर बसलो. समोर गरवं उभं होतं, दाणा भरत आलेलं, वारा आला की एका अंगावरनं दुसऱ्या अंगावर वळायचं. अजून आठ दिवस आहेत कापायला. प्रकाशला फोन करून सांगितलं की मी आगरदांड्याला जातोय. तो म्हणाला, पेटारा घेऊन? म्हटलं, हो. तो म्हणाला, बाबा, बोटीत उलटा कोण घालून देणार? मी म्हटलं, लोक असतात.  लोक असतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन.

खलबत्ता पिशवीत घातला आहे. पण तो परत देणं ही सोपी गोष्ट आहे, हे मला माहीत आहे. वस्तू परत देता येते. अवघड दुसरंच आहे आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. वच्छीला नाही. प्रकाश तिथं होता, पण तो त्यावर कधी बोलत नाही. आप्पांकडं हा दिवाळी अंक दरवर्षी येतो, ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात. समोर उभं राहून हे माझ्या तोंडातनं निघणार नाही, म्हणून इथं लिहितो. वाचून त्यांनी पुढच्या वर्षी फाटक उघडलं नाही तरी चालेल. ते फाटक मजबूत आहे, मीच केलेलं आहे.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. तिला न्हाऊ घालून ओटीवर ठेवलं होतं. सवाष्ण गेली की आमच्याकडं सवाष्णी येऊन तिला हळदकुंकू लावतात, ओटी भरतात. बायका एकेक पुढं होत होत्या. प्रकाशनं आप्पांना फोन केला होता, त्याला आमचं भांडण माहीत नव्हतं. पहिल्या बोटीनं निघून, दोन गाड्या बदलून ते दोघं आले. माईंच्या लुगड्याचा काठ भिजलेला होता. त्या सरळ सुगंधाच्या उशाशी गेल्या, खाली बसल्या, कुंकवात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाकडं नेलं.

मी जाऊन त्यांचं मनगट धरलं. परक्या बाईचं मनगट, पन्नास माणसांत. म्हटलं, "तुम्ही न्हाय लावायचं. अजून काय न्यायचं ऱ्हायलंय इथनं?"

 माई म्हणाल्या, "भाऊ, एवढं लावू द्या." मी मनगट सोडलं नाही. मग आप्पा म्हणाले, "चल गं." प्रकाश "बाबा" म्हणाला. माई उठल्या. ते बोट तसंच पुढं धरून पायऱ्या उतरल्या.

मी त्यांच्या मागं अंगणाच्या टोकापर्यंत गेलो, आप्पांना थांबवलं, आणि त्यांच्या हातातली पिशवी उघडून बघितली. आत खण होता, नारळ होता, फडक्यात बांधलेले तांदूळ होते. ओटीचं सामान. मी ते सगळं हातानं चाचपून बघितलं, पिशवी परत दिली, आणि त्यांना जाऊ दिलं.